ड्यूक 2022 ला हरलं, मग अजून का खुपतं?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नंतर येणाऱ्या वाचकांसाठी आधी थोडक्यात मांडते. तुम्ही नाशिकचे. उत्तर कॅरोलिनातल्या डरहॅमच्या ड्यूक विद्यापीठातून मास्टर्स केलंत, मे 2022 ला पदवी घेतलीत, आता मॉरिसव्हिलला नोकरी आणि घर. बायको चॅपल हिलला शिकलेली, म्हणजे कॅरोलिनाची (तिथलं नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ, बास्केटबॉलमध्ये ड्यूकचं जुनं वैरी). 2 एप्रिल 2022 ला न्यू ऑर्लिन्सच्या फायनल फोरमध्ये, म्हणजे कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या उपांत्य फेरीत, कॅरोलिनानं ड्यूकला 81–77 असं हरवलं आणि ड्यूकचे प्रशिक्षक कोच के (माइक शेशेवस्की) यांची ती शेवटची मॅच ठरली. तेव्हापासून फेब्रुवारी लागला की तुमची झोप बिघडते. रात्री अंथरुणात पडून फोनवर कॅरोलिनाच्या केलेब लव्हचा तो थ्री (लांबून टाकलेला तीन गुणांचा बास्केट) पुन्हा पुन्हा पाहता. यंदा कॅरोलिनाच्या मॅचनंतर बायको नुसती हसली, तर तुम्ही तिच्यावर ओरडलात आणि लेक दचकून उठली. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, त्या चेंडूशी तुझा संबंध काय?" हे वेड आहे का आणि यातून बाहेर कसं पडायचं, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक कबुली देते, नाहीतर पुढचं सगळं लबाडीचं होईल. मी कॅरोलिनाची आहे. समाजकार्याचं शिक्षण चॅपल हिलला घेतलं, गेली अठरा वर्षं याच भागात समुपदेशन करते, त्यात विद्यार्थी आणि नव्यानं इथे स्थिरावलेली कुटुंबं जास्त. तुम्ही ज्या रात्री सुन्न बसला होतात, त्या रात्री मी घरात नाचत होते. तेव्हा सल्ला शत्रूच्या गोटातून येतोय हे लक्षात ठेवूनच वाचा. पण या बाबतीत शत्रूलाच जास्त कळतं, असा माझा अनुभव आहे.

वेड आहे का? नाही. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जॉर्जिया आणि जॉर्जिया टेक या जुन्या वैऱ्यांच्या बास्केटबॉल मॅचच्या आधी आणि नंतर संशोधकांनी काही प्रेक्षकांची लाळ तपासली होती. जिंकलेल्यांच्या चाहत्यांचं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं, हरलेल्यांचं उतरलेलं. माणसं मोजकीच होती, त्यामुळे त्यावर फार मोठा इमला बांधू नये. पण बाकावर बसलेल्या माणसाचं शरीर मैदानावर असल्यासारखं वागतं, एवढं त्यातून दिसतं. आईला हे सांगून उपयोग नाही, तुम्हाला माहीत असलेलं बरं.

आता खरा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की तुम्हाला "हार पचत नाही". मला ते पटत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच प्रश्नात आहे. तुम्ही जाता जाता म्हणता की 2025 च्या फायनल फोरमध्ये ड्यूक ह्यूस्टनकडून 70–67 हरलं, तेव्हा "दोन दिवस वाईट वाटलं, मग विसरलो". तो पराभव कागदावर जास्त वाईट होता. उत्तरार्धात 14 गुणांची आघाडी होती, शेवटच्या मिनिटाला ड्यूक पुढे होतं, अंतिम सामना हातातोंडाशी आला होता. तरी तो विसरलात आणि 2022 चा नाही. पराभव पचतो तुम्हाला. हा एकच अडकलाय. म्हणजे यात पराभवाशिवाय आणखी काहीतरी आहे.

मला त्यात दोन गोष्टी दिसतात.

पहिली उघड आहे. ह्यूस्टनची माणसं तुमच्या गल्लीत राहत नाहीत. डरहॅम आणि चॅपल हिल यांच्यात 15-501 महामार्गावरून साधारण दहा मैल. 1920 पासून ही दोन विद्यापीठं एकमेकांशी खेळतायत. ऑफिसात शेजारच्या टेबलावर कॅरोलिनाच्या रंगाचा आकाशी निळा कप, किराण्याच्या रांगेत आकाशी टोपी, महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला तिळगूळ देणाराही वर टोमणा मारून जाणार, आणि तुमच्या बाबतीत तर पलंगाची दुसरी बाजू. इथे पराभव मॅचबरोबर संपत नाही, तो सकाळी तुमच्यासोबत कॉफी प्यायला बसतो. माझं माहेर कोल्हापूरचं, शिवाजी पेठेतलं. शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये मंगळवार पेठेकडून हरलो की दुसऱ्या दिवशी आमचे वडील मंडईला लांबच्या रस्त्यानं जायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, पाय मोकळे करतोय. पुण्याच्या टीमकडून हरल्यावर त्यांनी असा वळसा कधी घातल्याचं मला आठवत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि तुम्ही ती अर्ध्या वाक्यात उरकलीत: "आमचा कॅम्पआउटचा ग्रुप होता, आता सगळे पांगले." ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कोच केंच्या नावानं वसणारं ते प्रसिद्ध तंबूंचं गाव, जिथे पोरं जानेवारीपासून थंडीत झोपतात, ते पदवीपूर्व विद्यार्थ्यांचं. मास्टर्स आणि पीएचडीवाल्यांचा वेगळा कॅम्पआउट असतो. सेमिस्टरच्या सुरुवातीला एका वीकएंडला मैदानात तळ ठोकायचा, भोंगा वाजला की अपरात्रीही हजेरी द्यायची, आणि शेवटी लॉटरीत नाव निघालं तर सीझनचं तिकीट मिळतं. म्हणजे ऑगस्टमध्ये दोन बॅगा घेऊन उतरलेला मुलगा, कुणाची ओळख नाही, आणि थोड्याच दिवसांत तो एका ताडपत्रीखाली अनोळखी माणसांबरोबर पहाटे तीनला हजेरीला धावतोय. या देशात तुम्ही पहिल्यांदा "आम्ही" म्हणालात ते तिथे.

मग 5 मार्च 2022, कोच केंची घरची शेवटची मॅच. तुम्ही ड्यूकच्या कॅमेरॉन स्टेडियममध्ये होतात, जुने खेळाडू ओळीनं उभे होते, आणि कॅरोलिना 94–81 नं जिंकून गेली. चार आठवड्यांनी न्यू ऑर्लिन्स. एनसीएएच्या त्या राष्ट्रीय स्पर्धेत या दोन संघांची आजवरची पहिलीच गाठ. पुन्हा हार. आणि त्यानंतर साधारण महिनाभरानं तुमची पदवी, ग्रुप चार दिशांना, अपार्टमेंट रिकामं. बेचाळीस वर्षं त्या बाकावर बसलेला माणूस गेला, तेव्हा तुम्हीही निघालात.

मला वाटतं, तुमच्या डोक्यात ते वर्ष संपण्याला एक चित्र मिळालंय आणि ते केलेब लव्हच्या हातातून सुटलेल्या चेंडूचं आहे. ह्यूस्टनच्या वेळी असं काहीच संपत नव्हतं. तुमच्याकडे घर होतं, नोकरी होती, लेक होती. या पराभवाची परतफेडही नाही. पुढच्या वर्षी ड्यूकनं कॅरोलिनाला हरवलं, 2025 च्या मोसमात तर तीनदा हरवलं, तरी तुम्हाला गार वाटलं नाही, कारण बाकावर कोच के नव्हते आणि शेजारी तो ग्रुप नव्हता.

हे माझं अनुमान आहे. तुमच्याशी समोरासमोर बोलले नाही, त्यामुळे चुकू शकतं. आणखी काही गोष्टींवर बरंच अवलंबून आहे, त्या विचारून घेते. पैसे लावता का? उत्तर कॅरोलिनात 11 मार्च 2024 पासून फोनवर बेटिंग कायदेशीर झालं, आणि तेव्हापासून "मॅच हरल्यानं झोप लागत नाही" म्हणत येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न हाच विचारते. पैसे गुंतले असतील तर खालचं निम्मं गैरलागू आहे, आधी त्यासाठी मदत घ्या. मॅच बघताना किती पिता? आणि झोप फक्त फेब्रुवारी-मार्चमध्येच उडते की बाकीच्या वेळीही? वर्षभर असं होत असेल, भूक गेली असेल, कशातच मन लागत नसेल, तर बास्केटबॉल हे निमित्त आहे, डॉक्टरांना भेटा. पण तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही.

आता काय करायचं. सुरुवात घरातून, कारण तीच गोष्ट लांबणीवर टाकता येणार नाही.

तुम्ही ओरडलात, हात उगारला नाही, माफी मागितलीत, हे वाचलं. तरीही ही बाब हलक्यात घेऊ नका. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलचे निकाल आणि पोलिसांच्या नोंदी ताडून पाहिल्या. घरचा संघ जिंकणार अशी अपेक्षा असताना हरला, की पुरुषांकडून बायकोला किंवा मैत्रिणीला होणाऱ्या मारहाणीच्या नोंदी सुमारे 10 टक्क्यांनी वाढत. हरण्याची अपेक्षा असलेल्या सामन्यांनंतर तशी वाढ नव्हती. म्हणजे घात करतो तो अपेक्षाभंग, आणि त्याचा तडाखा घरातल्या जवळच्या माणसाला बसतो. तुम्ही तसे आहात असं मी म्हणत नाही. पण ती पहिली पंधरा-वीस मिनिटं धोक्याची असतात, एवढं मान्य करा.

माझ्याकडे येणाऱ्या अशा "दुभंगलेल्या" घरांना मी एक करार करायला लावते, आणि तो मॅचच्या आधी, डोकी थंड असताना. बझर वाजला की हरलेला माणूस बूट घालून बाहेर पडतो. वीस मिनिटं चालायचं, फोन घरी ठेवायचा. तोवर जिंकलेल्यानं हवं तेवढं नाचावं, ओरडावं, बहिणीला फोन लावावा. हरलेला परत आला की जिंकलेल्यानं त्या रात्री मॅचचा विषय काढायचा नाही. सकाळी एक टोमणा माफ, एकच. एका जोडप्यानं त्यात सुधारणा केली: हरलेल्यानं परत येताना दूध आणायचं. हसू नका, हातात काहीतरी घेऊन घरात शिरणारा माणूस दार आपटत नाही. तुमच्या बायकोच्या हसण्याबद्दल इतकंच सांगते की ते तिचं हक्काचं आहे. तिच्याही आयुष्यात चॅपल हिलचं असंच एक वर्ष असेल. तिला कधी विचारलंत का?

दुसरी गोष्ट फोनची. तुम्ही जो तुकडा पाहता तो वीस सेकंदांचा आहे. त्याच्या आधीचा तुकडाही तुम्हाला पाठ असणार: 46.7 सेकंद उरलेले, ड्यूक एका गुणानं मागे, तुमचा मार्क विल्यम्स दोन फ्री थ्रोंना (फाउलनंतर मिळणारे मोकळे फेके), दोन्ही हुकले. मग लव्हचा थ्री, 78–74. असा तुकडा शंभरदा पाहिला की मेंदू त्यातून एक गोष्ट विणतो आणि गोष्टीला गुन्हेगार लागतो. तुम्ही लिहिलंयच, "तो एक जरी टाकला असता तर". पण त्या रात्री ड्यूकनं 22 थ्री मारले आणि त्यातले 5 पडले. हुकलेले 17 कुठल्याच क्लिपमध्ये नाहीत, कारण पहिल्या हाफच्या मध्यावर हुकलेला थ्री कोण कशाला जपून ठेवेल? मॅच चाळीस मिनिटांची होती आणि तुम्ही तिची शेवटची पाऊण मिनिटं शिक्षेसारखी भोगताय, तीही विशीतल्या एका पोराला आरोपी करून.

म्हणून क्लिप बंद. त्याऐवजी एकदाच पूर्ण मॅच बघा, पहिल्या उडीपासून, दिवसाउजेडी, आणि एकट्यानं नाही. त्या कॅम्पआउटच्या ग्रुपमधले जेवढे सापडतील तेवढे व्हिडिओ कॉलवर घ्या. एक सिएटलला असेल, एक बंगळूरला परत गेला असेल, वेळ जुळवायला त्रास होईल, होऊ द्या. मॅच हे निमित्त आहे. मध्येच कुणाला तरी ती पहाटेची हजेरी आठवेल, कुणाची स्लीपिंग बॅग भिजली होती ते आठवेल, आणि तुम्ही चौघं-पाच जण त्या वर्षाला जो निरोप द्यायचा राहिला तो द्याल. माझ्याकडे आलेल्या दोघा-तिघांना याचा उपयोग झाला. एकाला अजिबात झाला नाही. ग्रुपमधल्या दोघांचं आपसात बिनसलेलं होतं आणि कॉल मध्यंतरालाच आटोपला. तेव्हा आधी फोन करून अंदाज घ्या.

तिसरी गोष्ट निर्णयांची, ही सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. 1992 मध्ये एडवर्ड हर्ट आणि सहकाऱ्यांनी इंडियाना विद्यापीठाच्या कट्टर बास्केटबॉल चाहत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना त्यांच्या संघाची मॅच दाखवायची आणि नंतर विचारायचं: हा खेळ तुम्हाला किती जमेल, हे शब्दकोडं सुटेल का, अमुक मुलीला विचारलं तर ती तुमच्याबरोबर बाहेर येईल का? संघ हरला असला की मुलं स्वतःबद्दलचेही अंदाज खाली आणत. कोड्याचा बास्केटबॉलशी काय संबंध? काहीच नाही. पण "आपण" हरलो की "मी" पण आखडतो. त्यामुळे हरल्यानंतरचे दोन दिवस राजीनामा, घराची ऑफर, बॉसला लांबलचक मेल, असलं काही करू नका. मी स्वतः हा नियम पाळते, आणि तो एकदा मोडला तेव्हा भोगलंही आहे. त्याची गोष्ट मोठी आहे, सोडून देते.

खेळाडूंना ऑनलाइन काहीही लिहू नका, हे तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्यांतल्या कुणाला तरी लागू होईल. ती एकोणीस-वीस वर्षांची मुलं असतात.

पुढच्या मॅचची धास्ती आतापासून वाटते असं तुम्ही म्हणता. तिच्यावर एक साधा उपाय आहे. टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी 2000 साली कॉलेज फुटबॉलच्या चाहत्यांवर केलेल्या कामात दिसलं की मॅचच्या निकालाचा परिणाम आपल्यावर किती दिवस राहील याचा अंदाज लोक फुगवून करतात. पण ज्यांच्याकडून आधी त्या पुढच्या दिवसात आपण काय-काय करणार आहोत ते लिहून घेतलं, त्यांचा फुगवटा कमी झाला. ड्यूक-कॅरोलिना बहुधा शनिवारी असते. शुक्रवारी रात्री एका कागदावर रविवार लिहून काढा: लेकीचा स्विमिंग क्लास, कपडे धुवायचे, नाशिकला फोन, डाळ-तांदूळ संपलेत. कागद फ्रिजवर लावा. निकाल काहीही लागला तरी डाळ संपलेलीच असणार.

"सरळ बघणंच सोडू का?" असंही तुम्ही विचारलंय. सोडू शकता, पण मी तसा सल्ला देणार नाही. अमेरिकन कॉलेजांतल्या विद्यार्थ्यांवर रॉबर्ट चाल्डिनी यांनी 1976 मध्ये केलेला अभ्यास या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. फुटबॉलची टीम जिंकली की सोमवारी कॉलेजच्या नावाचे कपडे जास्त दिसत, आणि मुलं "आम्ही जिंकलो" म्हणत पण "ते हरले". तुम्ही मात्र तुमच्या सबंध प्रश्नात एकदाही "ते हरले" लिहिलेलं नाही. सगळीकडे "आम्ही हरलो". असं माणूस सहजी तोडत नाही, आणि तोडलं तर फक्त बास्केटबॉल जात नाही, परक्या गावात कमावलेली पहिली नाती त्याच्याबरोबर जातात. आईला हे समजावून सांगायचं असेल तर कॅमेरॉन वगैरे सांगू नका. त्या ताडपत्रीखालच्या रात्रीचं सांगा. तिला लगेच कळेल.

आता माझी बाजू, म्हणजे हिशेब पुरा होईल. 8 फेब्रुवारी 2012, चॅपल हिल, बुधवारची रात्र. शेवटची अडीच मिनिटं उरली असताना आम्ही दहा गुणांनी पुढे. मी टीव्हीसमोर उभी राहून कोल्हापूरला भावाला फोन लावला, तिकडे सकाळचे पावणेदहा झाले होते, आणि म्हटलं, जिंकलो रे. फोन चालूच होता. बझर वाजता वाजता ड्यूकच्या ऑस्टिन रिव्हर्सनं आमच्या सात फुटी झेलरच्या डोक्यावरून थ्री टाकला आणि ड्यूक 85–84. भावाला बास्केटबॉलचं काही कळत नाही. तो एवढंच म्हणाला, "ताई, तू अचानक गप्प का झालीस?" त्यानंतर कितीतरी दिवस तो फोन उचलताना पहिलं वाक्य "जिंकलात का?" हेच म्हणायचा. मला राग यायचा. आता तो असं विचारत नाही, आणि मला चुकल्यासारखं होतं.

आणि मार्च 2025. शार्लटमध्ये एसीसीची, म्हणजे आपल्या दोन्ही संघांच्या लीगच्या स्पर्धेची, उपांत्य फेरी. तुमचा स्टार खेळाडू कूपर फ्लॅग जायबंदी होऊन बाहेर, तरी तुम्ही 24 नं पुढे. आम्ही ते जवळजवळ सगळं भरून काढलं, 72–71, चार सेकंद उरलेले, आमचा लुबिन फ्री थ्रोला. पहिला हुकला, दुसरा पडला, बरोबरी झाली असं वाटलं, आणि शिट्टी. आमच्याच एका खेळाडूनं चेंडू हातातून सुटण्याआधी रेषेच्या आत पाऊल टाकलं होतं. गुण रद्द. 74–71. त्या रात्री बूट घालून बाहेर पडले ती मी होते, आणि वीस मिनिटं पुरली नाहीत, चाळीस लागली. वाटेत कोपऱ्यावरच्या घरातला ड्यूकवाला कुत्र्याला फिरवत होता. त्यानं काही म्हटलं नाही, फक्त हात वर केला आणि माझ्याबरोबर पुढच्या वळणापर्यंत चालला. ऑफिसातल्या ज्या मैत्रिणी बास्केटबॉल बघत नाहीत, त्यांनी दुसऱ्या दिवशी "जाऊ दे ना" म्हटलं. दोन्हींत फरक होता.

तेव्हा पूर्ण मॅच बघायला बसाल त्या दिवशी बायकोलाही बोलवा, शेवटच्या पाच मिनिटांपुरतं तरी. पहिल्या हाफला ड्यूक 37–34 पुढे आहे, तिथे चहा घ्या.

माझ्याच सल्ल्याचं मी काय करते असं कुणी विचारेल म्हणून आधीच सांगते. तुम्हाला हरवल्यावर दोनच दिवसांनी आम्ही अंतिम सामन्यात कॅन्ससपुढे मध्यंतराला 40–25 नं पुढे होतो आणि 72–69 हरलो. ती मॅच मी नंतर दोनदा लावली आहे. दोन्ही वेळा मध्यंतराला बंद केली.